चार खांबांचं पाणी

तांब्याभर पाणी हॉलच्या मधोमध ओतायचं, डावा हात कमरेवर ठेवायचा आणि बघत उभं राहायचं, ही आक्काची रोजची सुरुवात. झाडू, बादली, फडकं सगळं नंतर. तेवढ्यात कुणी हॉलमधून चालायला लागलं, की ती त्याच्याकडे न बघताच म्हणायची, "जरा थांबा की. पाण्याला वाटून घेऊ द्या."

तुम्ही म्हणाल, पाण्याला काय वाटून घ्यायचंय? नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मीही हेच म्हणालो होतो. मी होटगीहून सकाळच्या गाडीनं यायचो. ती गाडी वेळेवर आली तर मी साडेआठला बँकेच्या दारात, आणि बँक उघडणार साडेदहाला. त्यामुळे त्या भल्या मोठ्या हॉलमध्ये रोज दोन तास मी आणि आक्का, दोघंच. मी वर्तमानपत्र वाचायचो आणि ती पाणी बघायची.

आमची बँक तेव्हा सोलापूरच्या व्यापारी पेठेतल्या एका जुन्या दगडी इमारतीत होती. इमारत मुळात बँकेसाठी नव्हतीच. कापसाच्या व्यापाऱ्यांनी सौद्यांसाठी ती बांधली होती. बाहेरून काळा दगड, रस्त्याच्या कोपऱ्याबरोबर वळत गेलेली दर्शनी भिंत, कमानींवर कोरलेली कापसाची बोंडं. आत शिरलं की दोन मजले उंचीचा हॉल. वर चारी बाजूंनी लाकडी सज्जा आणि त्याला खालून आधार द्यायला चार कोपऱ्यांत चार बिडाचे खांब. जमीन काळ्या-पांढऱ्या फरश्यांची, आणि बरोबर मध्ये संगमरवराचं आठ पाकळ्यांचं फूल.

कापसाची धूळ उडते आणि पेटही घेते, म्हणून जुने लोक रोज सकाळी हा हॉल भिजवायचे. ते पाणी निघून जावं म्हणून बांधणाऱ्यानं फुलापासून चारी खांबांकडे उतार दिलेला होता, अगदी डोळ्याला न दिसणारा. खांब आतून पोकळ. छपरावरचं पावसाचं पाणी त्यांच्या पोटातून खाली यायचं. फरशीवरचं पाणी पायथ्याच्या पितळी जाळीतून त्यालाच मिळायचं आणि जमिनीखालून बाहेर जायचं. इमारतीची फाईल माझ्याच टेबलावर होती, पण तिच्यात हे कुठंही नव्हतं. हे मला आक्कानं सांगितलं. तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, कारण सासूही आयुष्यभर हीच फरशी धूत होती.

"फुलावर वतलं की चार वाटण्या होत्यात," ती म्हणायची. "चार लेकरं हायती असं समजा. कुणाला कमी न्हाय, कुणाला जास्ती न्हाय. ज्यानं बांदलं त्यो लई समजूतदार माणूस आसनार."

मी मान डोलवायचो आणि वर्तमानपत्रात परत डोकं घालायचो. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्या इमारतीचा कंटाळाच होता. उन्हाळ्यात दगड तापायचा, थंडीत बोटं आखडायची आणि पंखा इतक्या उंचावर की त्याचा वारा सज्ज्यावरच्या रेकॉर्डच्या कपाटालाच मिळायचा.

आक्का पन्नाशीची असेल. काटक, सावळी, कपाळ मोकळं. साडीचा काठ एवढा वर खोचलेला की पायांतल्या भेगा लांबून दिसाव्यात. तिची वस्ती स्टेशनच्या पलीकडे होती. रविवारी ती न चुकता बुद्धविहारात जायची आणि सोमवारी तिथे काय काय झालं ते मला सांगायची. बँकेत ती अकरा वर्षं रोजंदारीवर होती. सासू रोजंदारीवरच गेली. आपण तरी कायम व्हावं, एवढी एकच मागणी तिनं आयुष्याकडे केली असावी. तिचा अर्ज आवक-जावकच्या टेबलावरून, म्हणजे माझ्याच हातातून, वर जायचा आणि काही ना काही शेरा घेऊन परत यायचा. दर दोन-तीन महिन्यांनी ती विचारायची, "भाऊ, माजा कागद वर गेला का?"

"गेलाय आक्का."

"मग यील की खाली," म्हणत ती फडकं पिळायची.

तिचा एकच नियम होता. ओल्या फरशीवर पायताण नको. "चप्पल हातात घ्या की भाऊ," ती म्हणायची. मी हसायचो आणि टाचा उचलून चपलेसकट कडेकडेनं टेबल गाठायचो. माझ्यामागे चपलेचे ठसे उमटायचे. ती ते पुसायची आणि दुसऱ्या दिवशी परत तेच म्हणायची.

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. बुद्धपौर्णिमेला ती पितळी डब्यातून खीर आणायची. आमच्याकडे त्या दिवशी अचानक सगळ्यांचे उपवास निघायचे. एकाचा गुरुवार, एकाचं पोट बिघडलेलं. पहिल्या वर्षी माझंही पोट बिघडलं. तिनं झाकण लावलं आणि म्हणाली, "न्हाय तर न्हाय. पोट मोटं हाय, खिरीचं काय." त्यानंतरच्या वर्षी तिनं डबा आणला नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज मला पुढे बऱ्याच वर्षांनी वाटली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सोलापूरनं तेव्हा काय पाहिलं ते तिथल्या माणसांना सांगायला नको. प्यायला पाणी नाही तिथे फरशी कोण धुणार? जवळजवळ दीड वर्षं आक्कानं तो हॉल लाकडाच्या भुशानं झाडला. "कोरडं झाडल्यावर जागंला काय होतंय ते कळत न्हाय," ती कुरकुरायची. शहराखालची काळी माती भेगाळून एवढी फाटली होती की आमच्या मागच्या अंगणात हात मनगटापर्यंत आत जायचा.

त्याच दीड वर्षात बँकेनं लॉकर आणले. लोखंडाची ती अजस्र कपाटं आग्नेयेकडच्या खांबाला चिकटून उभी राहिली. ती आत आणताना बारा हमाल लागले होते आणि दाराचा एक उंबरा तुटला होता.

पाऊस परत आला. त्यानंतर दसऱ्याच्या सुमारास नळाला नीट पाणी यायला लागलं आणि मॅनेजर साहेबांनी हॉल धुवायची परवानगी दिली. त्या सकाळी आक्का धुतलेली साडी नेसून आली होती. तिनं तांब्या भरला, फुलावर ओतला आणि हात कमरेवर ठेवला.

मी वर्तमानपत्र वाचत होतो. बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून वर पाहिलं. तिनं दुसरा तांब्या ओतला होता. चारातल्या तीन बाजूंना नुसती ओल गेली होती. बाकी सगळं पाणी एकच धार धरून लॉकरच्या कोपऱ्याकडे निघालं होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "येकच लेकरू सगळं घेऊन चाललंय. खांब बसलाय त्यो."

"आक्का, बिडाचा खांब आहे. म्हातारीसारखा कंबर धरून बसायला तो काय माणूस आहे?"

ती हसली नाही. माझ्या टेबलापाशी आली आणि माझी कॉपिंग पेन्सिल मागितली. हल्ली ती कुणाला माहीत नसेल. दिसायला करडी, पण लिहिलेलं ओलं झालं की जांभळं उमटतं आणि मग सहजी जात नाही. शाई वाचावी म्हणून मी सगळे शेरे तिनंच लिहायचो. अख्ख्या बँकेत ती फक्त माझ्याकडे होती. आक्का गुडघ्यावर बसली आणि धारेचं टोक जिथे थांबलं होतं, तिथल्या दोन फरश्यांमधल्या चुन्याच्या सांध्यावर तिनं एक आडवी रेघ मारली. रेघ लगेच जांभळी झाली.

त्यानंतर दर सोमवारी तोच तांब्या, तेवढंच पाणी, आणि पाणी थांबेल तिथे एक रेघ. ती पेन्सिल मागायची आणि पदरानं पुसून परत द्यायची. फुलापासून पाचव्या फरशीवरची रेघ दिवाळीपर्यंत सातव्या फरशीवर गेली. मार्गशीर्ष लागला तेव्हा ती नवव्या फरशीवर होती. मला ते दिसत होतं. मला ते दिसत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

मी साहेबांना सांगितलंही. पण कसं, तर दारात उभं राहून, हसत हसत, "झाडणारी बाई असं म्हणते" अशा सुरात. साहेब पुण्याहून नवीन आलेले. नीटनेटके, टेबलावर एक कागद वाकडा चालायचा नाही. त्यांनी नियमाप्रमाणे एका इंजिनिअरला बोलावलं. तो आला दुपारी दोनला. फरशी कधीच सुकलेली. त्यानं बाहेरच्या दगडी भिंतीला ओळंबा लावला, कमानींकडे पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "काय काम आहे! हे दगड अजून शंभर वर्षं हलत नाहीत."

दगड हललेच नव्हते. पण ज्याच्याबद्दल तक्रार होती तो खांब आत होता.

आक्का बादली घेऊन उभीच होती. "सायेब, फुलावर येक तांब्या वतू का? येकच."

त्यानं आपल्या बुटांकडे पाहिलं. "नको बाई, बूट भिजतील."

सगळे हसले. मीही हसलो. आक्कानं बादली उचलली आणि ती मोरीकडे गेली.

तिथे ती थांबली असती तर तिचा कागद त्या वर्षी मंजूर होऊन खाली आला असता. साहेबांचा तिच्यावर राग नव्हता, कामाला ती चोख होती. पण ती बोलायला लागली. लॉकरला येणाऱ्या बायकांना ती सांगायची, "ताई, त्या सज्ज्याखाली उबं ऱ्हाऊ नगा. हिकडं या, हितं बाकड्यावर बसा." एका व्यापाऱ्याच्या मंडळींनी साहेबांना सरळ विचारलं, तुमची बँक पडणार आहे का हो? साहेबांचा चेहरा पांढरा पडला. अफवेनं बँक बसते, खांबानं नाही, असं त्यांनी आम्हा सगळ्यांना जमवून सांगितलं. मग मला आत बोलावलं. टेबलावर आक्काचा अर्ज होता.

"शेरा तुम्ही लिहा," ते म्हणाले. "रोज सकाळी तुम्हीच तिला बघता."

"काय लिहू साहेब?"

"जे खरं आहे ते."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि माझी पदोन्नती त्याच टेबलावर यायची होती. मी लिहिलं, "कामाव्यतिरिक्त बोलते. शिफारस नाही." साहेबांनी वाचून खाली सही केली. बाहेर आल्यावर आक्कानं विचारलं, "माजा कागद गेला का वर?"

"गेला," मी म्हणालो.

"यील की खाली," ती म्हणाली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे लॉकरला झुंबड असायची. गड्ड्याची जत्रा तोंडावर, घरोघरी पाहुणे, दागिने काढायला बायकांची रीघ. त्या सकाळी मी आलो तेव्हा आक्का फुलापाशी नव्हती. खांबापाशी होती. तांब्याचं पाणी वाटेत कुठंही न थांबता थेट खांबाच्या पायथ्याला गेलं होतं आणि तिनं रेघ जाळीच्या काठावर मारली होती. पायथ्याच्या फरशीला केसाएवढी चीर गेली होती. पेन्सिल तिनं माझ्या खणातून विचारल्याशिवाय घेतली होती. असं तिनं पहिल्यांदाच केलं.

"आज हितं कुणाला येऊ देनार न्हाय मी," ती म्हणाली.

"आक्का, साहेब ओरडतील."

"वरडू देत. मी धुनारच."

आणि ती धुवत बसली. नऊ वाजले, दहा वाजले, बँक उघडली, तरी ती त्या कोपऱ्यात बादल्यांवर बादल्या ओतत होती. दोन बाकडी ओढून तिनं वाट अडवली होती. बायका साड्या सावरत पलीकडच्या भिंतीशी रांगेत उभ्या राहिल्या आणि बडबडायला लागल्या. साहेब केबिनमधून बाहेर आले.

"हे काय चाललंय? किती वेळ?"

"डाग हाय सायेब," आक्का वर न बघता म्हणाली. "निगंना."

"पुरे झालं. उद्यापासून येऊ नकोस."

"व्हय सायेब. आजचं धुते तेवडं."

ते माझ्याकडे वळले. हिला बाजूला करा, असं त्या नजरेत होतं. मी खुर्चीतून उठलो. तिला हटवायला उठलो की तिच्या बाजूला उभं राहायला, हे मला आजही सांगता येत नाही. अर्ध्या वाटेत मी ओल्या फरशीवर घसरून पडलो. तेवढ्यात सज्ज्यावरून माती झरली. आक्का बादली टाकून मागं सरकली आणि तिनं साहेबांच्या बाहीला धरून त्यांनाही मागं ओढलं.

फार मोठा आवाज झाला नाही. भरलेलं पोतं खाली टाकावं तसा झाला. खांब वीतभर जमिनीत गेला. त्याच्यावरचा सज्ज्याचा कोपरा वाकला आणि रेकॉर्डचं कपाट, तीन तुळया आणि कठडा खाली लॉकरसमोर येऊन पडले. बरोबर जिथे रांग असायची तिथे. धूळ बसली तेव्हा पलीकडे सगळ्या बायका भिंतीला चिकटून उभ्या होत्या. कुणाला खरचटलंही नव्हतं. ओला झालेला मी एकटाच.

पुढे चौकशी झाली. दुष्काळात माती आकसली, खांबाखालचा निचरा तडकला, पावसाचं पाणी खांबाच्या पोटातून त्याच्याच बुडाशी मुरत राहिलं, वर लॉकरचं वजन. अहवालात शेवटी एक ओळ होती, "बँकेच्या दक्ष कर्मचाऱ्यांमुळे अनर्थ टळला." त्या ओळीत आक्का बसत नव्हती, कारण ती कर्मचारी नव्हती. बँक दोन महिन्यांत नव्या सिमेंटच्या इमारतीत गेली. माझी पदोन्नती झाली.

नव्या जागेत सामान लागत होतं तेव्हा आक्का आली. दारातच उभी राहिली. "भाऊ, माजा जुना कागद द्या की. अकरा वर्सं काम केल्याचं त्यावर लिवलंय. दुसरीकडं दावायला हुईल."

तो कागद मी दुसऱ्या कुणाकडून देऊ शकलो असतो. वरचा शेऱ्याचा भाग फाडूनही देऊ शकलो असतो. मी तसाच दिला, कदाचित उरकून टाकायचं म्हणून. नळावर हात धुऊन आली होती ती. ओलं बोट कागदावर टेकलं आणि त्याच्याखाली माझी अक्षरं जांभळी झाली.

ती त्या जांभळ्या डागाकडे बघत राहिली. जसं पाण्याकडे बघायची तसंच.

"ही तुमची पेन्सिल हाय की," ती म्हणाली.

मी मान डोलावली.

"काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. दोन्ही वाक्यं. माझाच आवाज मला लांबून येत होता.

तिनं थोडा विचार केला. "खोटं न्हाय लिवलं," ती म्हणाली. "बोलतच हुते की मी." मग कागदाची घडी घातली, कमरेला खोचली आणि जिना उतरून गेली. तिनं माझ्यावर आवाज चढवला असता तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

त्यानंतर ती मला दिसली नाही. कुणी म्हणालं चादरीच्या कारखान्यात रंगाच्या हौदावर लागली, कुणी म्हणालं लेकीकडे माढ्याला गेली. मी शोध घेतला असं म्हणणार नाही. होटगीची गाडी, नवी केबिन, मुलांच्या शाळा, दिवस निघून गेले.

बँक हलल्याला वर्ष झालं, तेव्हा उरलेल्या रेकॉर्डसाठी मला जुन्या इमारतीची किल्ली मिळाली होती. हॉलमध्ये कबुतरं शिरली होती. खांब तसाच खचलेला, टेकूंवर सज्जा. मोरीपाशी तिचा तांब्या पालथा पडला होता. मागच्या नळाला पाणी होतं. मी तांब्या भरला आणि मधल्या फुलावर ओतला.

पाणी धुळीतून वाट काढत खांबाकडे निघालं. पहिल्या रेघेपाशी पोचलं आणि ती धुळीतून परत जांभळी उमटली. मग दुसरी. मग तिसरी. मी मोजत गेलो. चौदा रेघा होत्या, शेवटची जाळीच्या काठावर.

पुढे जाऊन ती नीट बघावी म्हणून मी पाऊल उचललं आणि थांबलो. चप्पल काढली, हातात घेतली, आणि पाण्याचं वाटून होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.